लिटरभराचा संगणक

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गावर, काही गाळ्यांच्या मागच्या फळीवर हे डबे एकावर एक रचलेले दिसतात. काळे, चपटे, जाडजूड पुस्तकाएवढे. बहुतेकांवर कुठल्या तरी कार्यालयाच्या मालमत्ता-क्रमांकाचं स्टिकर अर्धवट खरवडलेलं असतं. लेनोवो याला 'टायनी' म्हणते, डेल 'मायक्रो' आणि एचपी 'मिनी'. लेनोवोच्या डब्याला पट्टी लावली तर सुमारे १८ सेंटिमीटर लांबी, जवळपास तेवढीच रुंदी आणि साडेतीन सेंटिमीटर जाडी भरते. गुणाकार केला की एक लिटरच्या किंचित वर जातो, म्हणून या जातीचं नाव पडलं 'वन लिटर पीसी'.

गेली दोन-तीन वर्षं ओळखीचे लोक मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. घरात जागा कमी आहे, खर्च वीस हजारांच्या आत बसवायचा आहे, विंडोजचा पाठलाग आता नको आहे, तर लिनक्स नीट चालेल असा लहान डेस्कटॉप कोणता घ्यावा? बाजारात पाच-सहा वाटा आहेत. बहुतेकांसाठी माझं उत्तर मात्र याच फळीवर येऊन थांबतं. ते का, आणि कोणासाठी थांबत नाही, हे जरा सविस्तर सांगतो.

हा माल आत्ताच इतका का आला, हे आधी पाहू. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिपही लागते. बँका, विमा कंपन्या, कॉल सेंटर यांना आधार संपलेली प्रणाली वापरता येत नाही, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रं लॉटच्या लॉट बाहेर पडली. आठव्या पिढीचीही लीज संपल्यामुळे येत आहेत. यंत्र आदल्या दिवशी जेवढं काम करत होतं तेवढंच दुसऱ्या दिवशीही करत होतं, बदलला तो फक्त नियम. लिनक्सला असला नियम लागू नाही. २०१५ सालच्या सहाव्या पिढीचा चार गाभ्यांचा आय-५ ६५००टी आजही लिनक्स मिंटवर ब्राउझर, लिबरऑफिस, व्हिडिओ कॉल हे सगळं विनातक्रार सांभाळतो.

पण पिढी-पिढीत फरक आहे, आणि दुकानदार तो सांगत नाही. 'आय-५ आहे साहेब, एकदम फास्ट,' एवढंच सांगतो. आय-५ हा शब्द दहा वर्षांच्या मालावर सारखाच छापलेला आहे, त्यामुळे नजर पुढच्या आकड्यावर हवी. ६५०० म्हणजे सहावी पिढी, ७५०० सातवी, ८५०० आठवी. शेवटी 'टी' असेल तर तो ३५ वॅटचा, कमी तापणारा प्रकार, आणि या डब्यांत बहुतेक वेळा तोच असतो. सहाव्या आणि सातव्या पिढीच्या आय-५मध्ये चार गाभे होते. आठव्या पिढीत इंटेलने ते सहा केले. उडी मोठी आहे. एकाच वेळी वीस टॅब, एक व्हिडिओ कॉल आणि मागे फायलींची नक्कल चालू असेल तर ती जाणवते.

सहावी आणि सातवी यांच्यात वेगाचा फरक जेमतेम आहे, तरीही माझा कौल सातवीला. कारण व्हिडिओ. यूट्यूब आपले व्हिडिओ मुख्यतः व्हीपी-९ आणि एव्ही-१ या पद्धतींनी पाठवतो. व्हीपी-९ पूर्णपणे हार्डवेअरमध्ये उलगडण्याची सोय इंटेलच्या सातव्या पिढीत आली. सहाव्या पिढीत हेच काम प्रोसेसरवर पडतं, पंखा घुमायला लागतो, आणि माणसाला वाटतं लिनक्सच जड आहे. फायरफॉक्सने जुलै २०२३मधल्या ११५ या आवृत्तीपासून इंटेलच्या ग्राफिक्सवर ही हार्डवेअरची मदत लिनक्सवरही आपोआप सुरू केली. त्याआधी ती सेटिंगमध्ये शिरून चालू करावी लागे, आणि 'लिनक्सवर यूट्यूब अडखळतं' हा जुना शेरा त्या काळातला आहे. एव्ही-१ मात्र आठव्या पिढीलाही हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही, ते इंटेलमध्ये अकराव्या पिढीपासून आलं. उपाय सोपा आहे. फायरफॉक्सच्या अंतर्गत सेटिंगमध्ये एव्ही-१ बंद केलं की यूट्यूब गुपचूप व्हीपी-९ पाठवू लागतो.

आता 'लिनक्स नीट चालणं' म्हणजे काय, ते पाहू. लिनक्स बसत नाही असा साधा संगणक आज शोधावा लागेल, त्यामुळे बसणं ही कसोटीच नव्हे. अडतं ते छोट्या भागांवर: वायफायचं कार्ड, झोपवलेलं यंत्र पुन्हा जागं होणं, बायोसच्या नव्या आवृत्त्या मिळणं. लोक प्रोसेसरवर तासभर घासाघीस करतात आणि दोनशे-चारशे रुपयांच्या वायफाय कार्डाकडे बघतही नाहीत. इंटेलचं कार्ड असेल तर काळजी नाही, त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्येच आहे. ब्रॉडकॉमचं असेल तर बहुतेकदा वेगळा ड्रायव्हर बसवण्याची खटपट. रिअलटेकची काही नवी कार्डं बऱ्याच अलीकडच्या कर्नेलवरच धड चालतात. जुन्या डब्यांत वायफाय नसतंच असंही खूपदा होतं, कारण कार्यालयात तारेचं जाळं होतं. अशा वेळी आतल्या एम-डॉट-टू खाचेत इंटेलचं कार्ड बसवता येतं. फक्त एएक्स-२०० घ्यावं, एएक्स-२०१ नव्हे. नावात एका आकड्याचा फरक दिसतो, पण २०१ हे इंटेलच्या ठरावीक नव्या प्रोसेसरशीच बोलतं, या जुन्या डब्यात ते मुकं राहील. बाजारात दोन्ही शेजारी ठेवलेली असतात. अँटेनाच्या दोन बारीक तारा आहेत का हेही आधीच पाहावं, नाहीतर कार्ड बसतं आणि सिग्नल येत नाही.

कार्यालयीन डब्यांचा खरा मोठेपणा या छोट्या भागांतच आहे. हजारोंच्या संख्येने एकाच घडणीची यंत्रं विकायची असल्याने कंपन्यांनी आत इंटेलचं नेटवर्क, इंटेलचं ग्राफिक्स असे ओळखीचे भाग घातले. डेल, लेनोवो, एचपी या तिघांचीही अनेक मॉडेलं उबंटूसाठी प्रमाणित आहेत. तिघांचेही बायोसचे अपडेट मोठ्या प्रमाणावर 'एफडब्ल्यूअपडी' या सोयीतून थेट लिनक्सवर येतात. २०१८च्या जानेवारीत स्पेक्टर आणि मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली छिद्रं जगासमोर आली, तेव्हापासून बायोसचे अपडेट ही चैनीची गोष्ट राहिलेली नाही.

दुसरी वाट आहे नव्या, स्वस्त चिनी डब्यांची: इंटेलचा एन-१०० किंवा त्याचा नंतरचा भाऊ एन-१५०. २०२३च्या सुरुवातीला आलेला एन-१०० हा चार गाभ्यांचा, कागदावर फक्त ६ वॅटचा प्रोसेसर. याच्याबद्दल मला आदर आहे. वेग साधारण सहाव्या-सातव्या पिढीच्या 'टी' आय-५च्या तोडीचा, वीज कमी आणि एव्ही-१ हार्डवेअरमध्ये. यंत्र चोवीस तास चालू ठेवून घरातले फोटो, भजनांच्या आणि लग्नाच्या फायली साठवायच्या असतील तर हाच घ्यावा. सौरऊर्जेवरच्या शेतघरातही तो शोभतो, कारण यातले बरेच डबे १२ व्होल्टवर चालतात आणि बॅटरीतून एका छोट्या कन्व्हर्टरवर भागतं. त्याचं दुखणं वेगळं. मेमरीला एकच वाहिनी, अनेकदा एकच खाच, काही डब्यांत तर रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली. आतली एसएसडी कोणाची हे ओळखू येत नाही. बायोसचा अपडेट कधी येईल याची खात्री देणारं कुणी नसतं.

भारतात यात आयात-नियमांची भर पडते. ३ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने लॅपटॉप आणि टॅब्लेटसोबत 'अल्ट्रा स्मॉल फॉर्म फॅक्टर' संगणकांची आयातही निर्बंधित यादीत घातली. ओरड झाल्यावर अंमलबजावणी पुढे गेली आणि मग परवानगीची पद्धत आली. बातम्यांत लॅपटॉपच गाजला, पण या डब्यांनाही तोच नियम लागला. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये शे-दीडशे डॉलरला दाखवलेला डबा इथे त्या भावात का मिळत नाही, याचं एक कारण हे. अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या नातेवाइकाला आणायला सांगणारे पुष्कळ आहेत. मग वॉरंटी तिकडची आणि ॲडॉप्टरची पिनही तिकडची, एवढं लक्षात असू द्यावं.

रास्पबेरी पायबद्दल विचारणा हमखास होते. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरला आलेल्या त्या पत्त्याच्या कॅटएवढ्या बोर्डाने एका पिढीला संगणक आतून दाखवला. ते ऋण मोठं आहे, आणि सेन्सर, दिवे, मोटार यांच्याशी खेळायचं असेल तर आजही त्याला पर्याय नाही. पण घरचा मुख्य डेस्कटॉप म्हणून मी पाय ५ सुचवत नाही. बोर्डाच्या किमतीत ५ व्होल्ट ५ ॲम्पियरचा खास ॲडॉप्टर, पंखा, पेटी, साठवण आणि मायक्रो-एचडीएमआयची केबल मिळवा, रक्कम वापरलेल्या आय-५च्या घरात जाते. शिवाय पाय ५मध्ये एच-२६४ व्हिडिओसाठी हार्डवेअरची मदत काढून टाकली आहे. तो प्रोसेसरच्या बळावर व्हिडिओ चालवतोही, पण हे ठाऊक असलेलं बरं. आणि तो एआरएम घराण्यातला. इंटेल-एएमडीसाठी बांधलेलं एखादं सॉफ्टवेअर उतरवलं तर ते त्यावर चालत नाही.

इंटेलच्या स्वतःच्या एनयूसीने या आकाराला प्रतिष्ठा दिली, पण जुलै २०२३मध्ये इंटेलने त्यातून अंग काढलं आणि धुरा असूसकडे गेली. लिनक्सवर ते उत्तमच, फक्त वापरलेल्या मालात कमी दिसतात आणि भाव धरून असतात. जुना मॅक मिनी सुंदर दिसतो, पण २०१८च्या मॉडेलात बसवलेली टी-२ चिप लिनक्सला त्रास देते. तो नवशिक्याचा मार्ग नव्हे. थिन क्लायंट मात्र ध्यानात ठेवावेत. डेलचा वाइज ५०७० हा पंखा नसलेला, अगदी निःशब्द डबा, दोन रॅमच्या खाचा असलेला. वाचनालयाच्या कॅटलॉगला किंवा आजोबांच्या ईमेलला तो पुरतो. फक्त त्याच्या एम-डॉट-टू खाचेत साटाचीच एसएसडी लागते, एनव्हीएमई घेऊन गेलात तर ती ओळखलीच जात नाही.

एएमडीवाल्यांनी रागावू नये. लेनोवोचा एम-७५क्यू किंवा एचपीचा ८०५ मिनी हे रायझनचे डबे ग्राफिक्समध्ये इंटेलच्या आठव्या पिढीला मागे टाकतात आणि लिनक्सवर ड्रायव्हरही उत्तम. मिळाला तर जरूर घ्या. इथल्या लॉटमध्ये ते क्वचित येतात, म्हणून त्यांच्यावर फार शाई घालवत नाही.

आता प्रत्यक्ष खरेदी. दुकानात जाताना खिशात लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह असावा. दुकानदाराला सांगायचं, 'यावरून चालू करून दाखवा.' चांगला दुकानदार हसून मॉनिटर जोडून देतो. पेनड्राइव्हवरून चालूच होत नसेल आणि बायोसमध्ये शिरताना पासवर्ड मागितला जात असेल, तर तो डबा तिथेच ठेवायचा. जुन्या कार्यालयाचा तो पासवर्ड काढणं काही मॉडेलांत जवळजवळ अशक्य असतं. डेस्कटॉप समोर आला की वायफाय जोडून पाहायचं, एखादं गाणं लावून आवाज पाहायचा, आणि यंत्र झोपवून पुन्हा जागं करायचं. मग मागचा एक स्क्रू फिरवून झाकण सरकवायचं. बहुतेक मॉडेलांत पानाही लागत नाही. आत डोकावलं की सगळं कळतं: पंख्याच्या पात्यांवर धुळीची राखाडी साय, रॅमच्या दोन खाचांपैकी एक रिकामी, नाण्याएवढा सीआर-२०३२ सेल. तारीख-वेळ मागे गेलेली दिसली तर तो सेल संपलेला असतो, बदलणं पाच मिनिटांचं काम. साठवणीचं आयुष्य 'डिस्क्स' या सोयीत दिसतं. एसएसडी फार चाललेली असेल तर तीशिवायचा भाव मागावा आणि नवी घालावी.

रॅमचं तसं करू नये. २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर चढले, कारण एआयच्या डेटा सेंटरांनी कारखान्यांचं उत्पादन ओढून घेतलं. त्यामुळे डब्यात आधीच १६ जीबी असेल तर आणखी थोडे पैसे मोजणं फायद्याचं. ८ जीबी असेल तर त्या दोन पट्ट्या चारचारच्या आहेत की एकच आठची, हे विचारावं. एकच असेल तर पुढे वाढवायला खाच मोकळी राहते.

सगळ्यात जास्त फसवतो तो ॲडॉप्टर. साताऱ्याच्या माझ्या आत्यासाठी मी पहिला डबा घेतला तेव्हा हे शिकलो. दुकानात यंत्र सुरेख चाललं, पण तिथे जोडलेला ॲडॉप्टर दुकानाचा होता. पिशवीत मिळाला तो दुसऱ्या कंपनीचा, पिन जुळणारा. साताऱ्याला जोडल्यावर सुरू होताना पडद्यावर एक इशारा आला, मी कळ दाबून पुढे गेलो. मग फायरफॉक्स उघडायला जेवण होईल एवढा वेळ. दोन दिवस मी लिनक्सच्याच मागे लागलो, एकदा ते पुसून पुन्हा बसवलं. अखेर प्रोसेसरचा वेग पाहिला तर तो ८०० मेगाहर्ट्झवर खिळलेला. काही डब्यांच्या पिनेत मधोमध एक बारीक काडी असते, तिच्यातून यंत्र ॲडॉप्टरची ओळख विचारतं. ओळख पटली नाही की जपून राहायचं म्हणून ते स्वतःचा वेग तळाला नेतं. अस्सल ६५ वॅटचा ॲडॉप्टर मागवला, आणि तेच यंत्र टुणकन उभं राहिलं. तेव्हापासून मी सौद्यात एकच हट्ट धरतो: ज्या ॲडॉप्टरवर दाखवलंत तोच पिशवीत घाला.

मॉनिटरच्या बाजूला एक बारकावा. या डब्यांना डिस्प्लेपोर्ट असतं आणि अनेकदा एचडीएमआयही. फोर-के मॉनिटर असेल तर डिस्प्लेपोर्टच वापरावं. आठव्या पिढीपर्यंतच्या या डब्यांचं एचडीएमआय साधारणपणे १.४ आवृत्तीचं, फोर-केला सेकंदाला तीसच चित्रं देतं, आणि माऊसचा बाण चिकटल्यासारखा वाटतो. साध्या फुल-एचडी मॉनिटरला काहीही चालतं.

विजेचं गणित मी स्वतः मीटर लावून केलं. ब्राउझर नुसता उघडा ठेवून डबा दहा वॅटच्या आसपास घेतो, जुना मोठा सीपीयू पन्नासच्या पुढे होता. रोज दहा तास धरले तर वर्षाला साडेछत्तीस युनिट विरुद्ध एकशे ब्याऐंशी. बिलापेक्षा मला दुसरा फायदा मोठा वाटतो. साधा यूपीएस जिथे जुन्या सीपीयूला सात-आठ मिनिटं सांभाळायचा, तिथे डब्याला बराच वेळ तग धरून देतो, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात तो वेळ लागतो. बायोसमध्ये 'वीज परत आल्यावर सुरू हो' अशी निवडही असते, ती चालू करून ठेवावी.

कोणी हा मार्ग धरू नये, तेही सांगतो. ज्यांचं दुकान टॅलीवर चालतं त्यांनी, कारण ते विंडोजसाठीच बनवलेलं आहे. निविदा भरण्यासाठी डिजिटल सहीचं टोकन रोज लागणाऱ्यांनीही घाई करू नये. आणि प्रिंटर आधी बघा. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलाच्या टेबलापर्यंत कॅननचा एलबीपी-२९०० दिसतो. त्याला कंपनीची सीएपीटी ही खासगी भाषाच कळते, आणि तिचा लिनक्सवरचा जुना ड्रायव्हर बसवणं अनुभवी माणसालाही घाम फोडतं. एचपीचे बहुतेक प्रिंटर 'एचपीलिप'मुळे जोडताक्षणी चालतात.

वितरणाचा वाद मी इथे घालत नाही. नवख्याला लिनक्स मिंट २२ द्यावं, त्याला २०२९पर्यंत आधार आहे. ८ जीबीच्या सहाव्या पिढीच्या डब्यावर त्याचीच एक्सएफसीई आवृत्ती. थोडं हात चालणाऱ्याला डेबियन १३. वायफायसारख्या भागांची फर्मवेअर डेबियनच्या स्थापना-फायलीत १२व्या आवृत्तीपासून सामील असल्यामुळे पूर्वीची वणवण संपली आहे. शिकायला आधार हवा असेल तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे लिनक्स आणि लिबरऑफिसचे पाठ मराठीतूनही आहेत.

आत्याचा प्रश्न मात्र यातल्या कशाचाच नव्हता. ती निवृत्त शिक्षिका. वीस वर्षांत गावाबद्दल लिहून ठेवलेलं सगळं जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये होतं, आणि नव्या डब्यावर ते इंग्रजी अक्षरांच्या जंजाळासारखं दिसलं. 'अरे, माझं मराठी कुठे गेलं?' म्हणाली. ते गेलं नव्हतं. जुन्या संगणकावरची ती फाँटची फाइल तिच्या घरच्या फोल्डरातल्या फाँटच्या कप्प्यात टाकली आणि लिबरऑफिस पुन्हा उघडलं, पानं होती तशी उभी राहिली. नवं लिखाण मात्र युनिकोडमध्येच करायचं ठरलं. कीबोर्डच्या यादीत 'मराठी, एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट' निवडून दिलं. टंकलेखनाच्या परीक्षेत मुरलेली तिची बोटं पहिले चार दिवस कुरकुरली. तिची मुख्य अडचण होती 'दुसऱ्या'मधल्या र्‍याची. तिथे प्रत्येक वेळी 'दुसर्या' उमटायचं. शिफ्टसोबत 'जे' दाबला की नुक्त्याचा ऱ येतो, मग 'डी'वरचा हलन्त, मग तिरप्या रेघेच्या कळीवरचा य. एका कागदावर तिने तो क्रम मोठ्या अक्षरांत लिहिला आणि मॉनिटरच्या पायाला, त्या काळ्या डब्याच्या अगदी वर, चिकटवून ठेवला. आता पंधराव्या प्रकरणावर आहे.